शंभूराजची गाडी हलकी होते

"ए बिराप्पा, ते धूड मागं घ्यायला सांग! आदी माझी गाडी चढू दे."

शंभूराज गाडीच्या अर्धवट उघडलेल्या दारातून ओरडला. खिडकी आता खाली होत नव्हती. मूळची काच काढून तिथं प्लास्टिक बसवलं होतं, कारण काच जड असते, असं त्याला साताऱ्याच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं.

धूड म्हणजे नाथाजीचा ट्रॅक्टर. त्याचं पुढचं चाक वजनकाट्याला नुकतंच लागलं होतं. नाथाजी कुंडलचा, फौजेतून रिटायर झालेला, पहाटेपासून नंबर लावून बसलेला. उसानं फुगलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेणं म्हणजे म्हशीला जिन्यावरून उलटं उतरवणं. पण नाथाजीनं घेतला. मालकाचा पोरगा होता ना. सरहद्दीवर न वाकलेली माणसं कडेगावच्या काट्यावर वाकतात, हे बिराप्पा केबिनच्या खिडकीतून वर्षानुवर्षं बघत आला होता.

लाल, बुटकी, दोनच दारांची परदेशी गाडी काट्यावर चढली. तिच्यात बसायचं तर माणसाला पाया पडल्यासारखं वाकावं लागे. शंभूराज उभ्या जन्मात वाकत असेल तर तेवढाच.

नानासोंचा हा एकुलता एक. नानासोंचा गूळ पावडरीचा कारखाना, त्याच्या दारात हा काटा, काट्यावर बिराप्पा. जतकडचा धनगर, बापामागं मेंढरं घेऊन या मुलखात आला, मॅट्रिक झालेला म्हणून नानासोंनी केबिनमध्ये बसवला आणि काट्यामागच्या दोन खोल्या राहायला दिल्या.

शंभूराजचा साताऱ्याचा चुलतभाऊ उदयसिंह. त्याच्याकडेही तसलीच गाडी. रविवारी हायवेवर दोघांची शर्यत ठरली होती. त्यासाठी शंभूराजनं गाडी कोंबडीसारखी सोलून काढली. स्टेपनी गेली, जॅक गेला, गालिचा गेला, स्पीकर गेले, दारांच्या आतलं अस्तर गेलं, एसी गेला. अपघातात छातीसमोर फुगणाऱ्या हवेच्या पिशव्याही गेल्या. जीव वाचवणारी वस्तू या घराण्याला ओझंच वाटायची. राहिलं काय, तर डॅशबोर्डवरचा पितळी घोडा आणि शंभूराजचं पोट. घोडा शुभ म्हणून ठेवलेला. पोट घरंदाज म्हणून.

मागचं सीट केबिनबाहेर लिंबाखाली आणून टाकलं होतं. मऊ, मलईच्या रंगाचं कातडं. नंबर लावून ताटकळलेले शेतकरी आता त्यावर बसून तंबाखू मळत.

"किती भरली?" शंभूराज म्हणाला.

बाहेरच्या मोठ्या बोर्डावर लाल आकडा उमटला. दसऱ्याआधी अख्खी गाडी याच काट्यावर तोलली होती. त्या मानानं आकडा बक्कळ उतरला होता. शंभूराज लहान पोरासारखा नाचला.

"बघितलं का रं? एवढं वजन उतरवलं! आता उदयला धुरळा खायला लावतो."

बिराप्पानं मान हलवली. त्याच्या गुडघ्याशी, टेबलाच्या खालच्या अंगाला, एक काळं बटण होतं. गाळप सुरू झालं की बटण खाली, हंगाम संपला की वर. खाली असलं की काटा प्रत्येक वजनातला एक घास गिळायचा. ज्याचा त्याचा, न चुकता. दसऱ्याआधी बटण वर होतं. आता खाली होतं. ऊस खाणाऱ्या काट्यानं मालकाच्या पोराची गाडीही खाल्ली होती आणि पोरगं पेढे वाटायला निघालं होतं. बापाचा धंदा त्याला कधी कळला नाही. धंद्यातून आलेली गाडी तेवढी कळली.

संध्याकाळी जेवताना बिराप्पाला हसू आवरेना. रंगुबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "काय झालं वो?"

त्यानं सांगितलं. ती हसली नाही.

"सांगायचं न्हाई व्हय त्येला?"

"सांगून? ह्या खोल्या सोडून जाऊ कुठं? आपलं छप्पर त्या बटनावर उभं हाय."

"मला काय सांगताय," ती म्हणाली. "परवाच्या लग्नात ऐकलं की मी. तुमी वाढाय उठला, तर लोक म्हनले, बिराप्पाला बुंदी देऊ नगा रं वाढाय, ताटातलं बी मारंल."

ते त्यानंही ऐकलं होतं. आणि बोलणारे तरी कोण? हंगामभर त्याच्या खिडकीशी येऊन "आप्पा, जरा बघा आमचं" म्हणत तंबाखू पुढं करणारे. नानासोंच्या वाढदिवसाला फेटे बांधून रांगेत उभे राहणारे. काटा मारतो हे सगळ्यांना ठाऊक. पण वाघाचं नाव वाघासमोर कुणी घेत नाही. ते लग्नात वाढप्यासमोर घेतात.

सोमवारी भर दुपारी लाल गाडी धुरळा उडवत आली, मागोमाग उदयसिंहाची निळी. उदयसिंहाच्या गाडीत सगळं होतं. एसी, गाणी, मागचं सीट, त्यावर नारळाची दोन पोती. तरी तो जिंकला होता.

शंभूराज घामानं निथळत उतरला. एसी नसलेल्या, खिडक्या न उघडणाऱ्या गाडीत तो साताऱ्यापासून उकडत आला होता.

"बिराप्पा! भाईर ये!"

काट्यावर पुन्हा नाथाजीची खेप होती. लिंबाखाली पाचपन्नास माणसं. शंभूराज ट्रॅक्टर खाली उतरेपर्यंतही थांबला नाही.

"साताऱ्याच्या काट्यावर गाडी घातली. हितल्यापरीस एका माणसाएवढी जड भरली! हितं हलकी, तितं जड. चार लोकांत हसं झालं माझं. सांग, कुनाचा काटा खोटा हाय?"

लिंबाखालची तंबाखू थांबली.

उदयसिंह हसत होता, तो एकदम हसायचा थांबला. त्यानं शेतकऱ्यांकडं बघितलं, काट्याकडं बघितलं आणि शंभूराजचा दंड धरला. "शंभू, चल. घरी बोलू."

"का म्हनून? ह्याला मी सोडत न्हाई! ए मेंढक्या, माझं वजन मारतोस? *माझं?*"

बिराप्पा केबिनच्या दारात उभा होता. साताऱ्याचा काटा खोटा आहे, एवढं म्हटलं की संपत होतं. शंभूराजला ते हवंच होतं, नानासोंनाही, आणि खरं सांगायचं तर लिंबाखालच्या निम्म्या लोकांनाही. त्यांना घरी जाऊन निवांत शिव्या द्यायला बरं. शब्द जिभेवर आला होता. मागं खोलीच्या दारात रंगुबाई पिठाचे हात घेऊन उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनंही नजर काढली नाही.

"नाथाजी, ट्रॅक्टर हलवू नगा," बिराप्पा म्हणाला. "बोर्डाकडं बघा. सगळीजनं बघा."

तो आत गेला आणि त्यानं बटण वर केलं.

बोर्डावरचा आकडा थरथरला आणि चढला. नाथाजीच्या त्याच ट्रॉल्या, तोच ऊस, एक कांडंही वर पडलं नव्हतं.

"बघा!" शंभूराज टाळी वाजवून ओरडला. "मंजी मगाशी खोटंच दावत हुता! म्हनलं न्हवतं मी?"

त्याला अजूनही कळलं नव्हतं. उदयसिंह त्याला तिथंच सोडून आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काच वर करून घेतली. त्याची काच वर होत होती.

नाथाजी ट्रॅक्टरवरून उतरला. सावकाश, फौजेत शिकलेल्या ताठपणानं शंभूराजसमोर येऊन उभा राहिला.

"मालक, तुमचं एका गाडीचं वजन गेलं तर तुमी साताऱ्यास्नं आला बोंबलत. आमी कुठं जायाचं?"

लिंबाखालची माणसं उठली. मलईच्या रंगाच्या सीटवर कुणीतरी तंबाखूची पिंक टाकली. शंभूराजचा फोन वाजला. नानासोंचा असणार. तो उचलेना, पोट सावरत गाडीत वाकून शिरला आणि दार लावून त्या प्लास्टिकच्या काचांआड उकडत बसला.

बिराप्पानं केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. रंगुबाईनं तोवर आत जाऊन घोंगडं काढलं होतं, त्यात भांडी बांधायला घेतली होती. कणीक तिनं तशीच परातीत झाकली; वाटेत कुठंतरी भाजता येईल.

निघताना ती नेहमीच्या वाटेनं वळली, काट्याला वळसा घालून चिखलातून. हंगामात बिराप्पा काट्यावर कधी पाय ठेवत नसे. आपल्यातलंही थोडं गिळलं जाईल, असं त्याला वाटायचं. आज ट्रॅक्टर उतरला होता, लोखंड मोकळं पडलं होतं. तो डोक्यावरचं बोचकं सावरत सरळ त्यावरून चालत गेला.

बटण अजून वरच होतं. बोर्डावर लाल आकडा उमटला. त्यानं वर बघितलं नाही. नाथाजीनं बघितला, आणि बिराप्पा उतरून जाईपर्यंत कुणालाही पुढची गाडी काट्यावर घालू दिली नाही.