ओंजळीतला केस

कांताबाईंनी न्हाणीघराच्या जाळीत बोट घालून केसांचा गुंता उपसला, निथळू दिला आणि तसाच सुनेच्या पुढ्यात, मेथीच्या वाटीशेजारी टाकला.

"हे बघ. आणि हे बी बघ." दुसऱ्या मुठीत फणीतले, उशीवरचे केस होते. तांब्याच्या तारेसारखे, वळणावळणाचे. "घरभर झालंय. मग महाराजांच्या ओंजळीत येईल न्हाय तर काय हुईल?"

सन्मती मागच्या पायरीवर बसली होती. तिचा हात थांबला नाही. एक बट घ्यायची, टोकापर्यंत दही-मेथीचा लेप ओढायचा, सोडायची, दुसरी घ्यायची.

"मी डोस्क्याला फडकं बांधलंतं, आत्ती."

"फडक्यातनं निघतोय की. केस हाईत का काथ्या?"

चातुर्मासासाठी निपाणीत मुक्कामाला असलेले मुनिमहाराज आज सकाळी पहिल्यांदाच त्यांच्या दारात थांबले होते. महाराजांचा आहार दिवसातून एकदा, उभ्यानं, ओंजळीत. सासरे नेमगोंडा, घरातले आप्पा, घास ठेवत होते. तिसऱ्या-चौथ्या घासाला महाराजांचा अंगठा अडला आणि त्यांनी ओंजळ सोडली. अन्नात केस. अंतराय झाला, आहार तिथंच मोडला. आता उद्यापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. महाराज मोरपिसांची पिंछी घेऊन निघून गेले. नेमगोंडांनी वाकून पाहिलं आणि "तांबडा हाय" एवढंच पुटपुटले. चौक्यातल्या, आहारासाठी सोवळ्यानं मांडलेल्या त्या स्वयंपाकघरातल्या, सगळ्या माना सन्मतीकडे वळल्या. पहाटे उठून विहिरीचं पाणी तिनं गाळलं होतं, पीठ तिनं दळलं होतं, कपाळापासून मानेपर्यंत फडकं तिनंच आवळलं होतं. ते कुणाला आठवलं नाही.

केसांना रंग लावला तो भावाच्या लग्नात, बेळगावला. पार्लरवालीनं तिचे कुरळे केस पहिल्यांदाच इस्त्री न मारता तसेच ठेवले आणि तांबूस रंग दिला. आरशात बघून सन्मतीला लग्नानंतर कितीतरी दिवसांनी स्वतःचं तोंड ओळखीचं वाटलं होतं. मग केस राठ झाले, तुटू लागले. तेव्हापासून दर रविवारी तिचं हे चाले. रात्री खोबरेल, सकाळी लेप, वरून गार पाणी. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, नवऱ्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवायचे. ओल्या केसांत फणी घालायची नाही, गुंता बोटांनी सोडवायचा. आज रविवार नव्हता. पण सकाळपासून बोटांना काहीतरी काम हवं होतं, नाहीतर त्यांनी काय केलं असतं तिला ठाऊक नव्हतं.

"ते मोबाईलात बघून अंडंबिंडं लावतीस न्हवं?" कांताबाई म्हणाल्या.

आता हात थांबला.

"काय म्हटलासा?"

"लोक लावत्यात म्हणून इचारलं."

"लोकांचं सोडा. मी लावलं व्हय? तुम्ही बघितलासा?" सन्मती उभी राहिली. लेपाचा ओघळ तिच्या कानामागून मानेवर उतरला. "अंडं ऱ्हाऊ दे, मधाचं बोट लावलं न्हाय मी कवा. मेथी शोधून काढली ती ह्याच घरात ऱ्हायचंय म्हणून. आणि दर म्हैन्याला तुम्ही लावता ते काय असतंय?"

"ती मेंदी हाय."

"मेंदीनं केस हिरवं हुत्यात काय?"

भिंतीपलीकडे कपडे वाळत घालणारी मनुबाई खोकली. तो खोकला नव्हता, हे तिघींनाही कळलं.

कांताबाईंचा चेहरा काळवंडला. "महाराज उपाशी गेले आपल्या दारातनं. गल्लीत तोंड दाखवायला जागा न्हाय. कापून टाक ते. आणि चातुर्मास सरेपतोर चौक्यात पाय ठेवायचा न्हाय तू."

त्या गल्लीत चौक्यातून काढलेली बाई म्हणजे काय, हे सन्मतीला कुणी सांगायला नको होतं. उद्या तिच्या हातचं पाणी घेतानाही बायका क्षणभर थांबल्या असत्या.

दुपारी नवरा, अरिहंत, आला, जेवला, सगळं ऐकून घेतलं.

"आईचं मनावर घेऊ नको. निदान काळा तरी करून टाक की गं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो फोनकडे पाहू लागला.

संध्याकाळी मंदिरात कीर्तन होतं. चिकोडीकडच्या कीर्तनकारबाई उभ्या होत्या. आवाज असा, की पेटीवाल्यालाच मागून धावावं लागे. आख्यान दासीचं लावलं होतं. मालकिणीनं द्वेषापोटी तिचं डोकं भादरलं, पायात बेड्या घातल्या, पुढ्यात सुपातलं कदान्न टाकलं. आणि नगरभर पंचपक्वान्नं मांडलेली असताना प्रभू येऊन थांबले ते तिच्याच दारात. बाईंनी झांज छातीशी धरून "थांबले, थांबले" असं दोनदा हळूच म्हटलं आणि सगळं मंदिर गलबललं. सन्मतीनंही डोळे टिपले. तिनं शेजारी पाहिलं. कांताबाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या.

परतताना नेमगोंडा पुढं होते, मागं या दोघी.

"कुणासाठी रडलासा, आत्ती?"

"गप चल."

"न्हाय, सांगा की. कीर्तनातल्या पोरीचं डोस्कं भादरलं तर तुमच्या डोळ्याला धार लागती. आणि माझं भादरायला घरात कात्री हुडकताय."

"रस्ता हाय हा."

"असू दे रस्ता. सकाळी चौक्यात आठ माणसं हुती, तवा न्हाय वाटलं तुम्हाला?"

पुढं चाललेल्या नेमगोंडांनी वळून पाहिलं नाही. त्यांची चाल फक्त वाढली.

दुसऱ्या दिवशी सन्मतीनं पहाटे अंघोळ केली, शुद्ध पातळ नेसलं, डोक्याला फडकं बांधलं आणि मागच्या पायरीवर येऊन बसली. चौक्यात जायचं नव्हतं. तरीही सगळं केलं, जिद्दीनं केलं.

अंगणात कांताबाई उजेडाकडे तोंड करून वेणीफणी करत होत्या. एरवी त्या न्हाणीतच, अंधारात भराभर अंबाडा घालत. आज त्यांनी केस मोकळे सोडले होते. फणी एकदा फिरवली, डोळ्यांपुढं धरली. दातांतून एक तांबडा केस सोडवून दोन बोटांत ताणला आणि उन्हात धरून ठेवला. बराच वेळ. पुन्हा फणी फिरवली, या वेळी अगदी सावकाश, आणि पुन्हा पाहिलं.

मग त्यांची नजर पायरीकडे गेली. सन्मती बघत होती.

कांताबाईंनी तो केस बोटाला गुंडाळून कनवटीला खोचला, अंबाडा बांधला आणि आत निघाल्या.

"आप्पांना सांगा, आत्ती."

"काय सांगू?"

"काय ते."

"येळ झाली. महाराज निघालं असतील." आणि त्या गेल्या.

कालपासून सन्मतीला वाटत होतं, याहून जास्त राग माणसाच्या अंगात मावत नसेल. मावत होता. ती उठून मधल्या दारात जाऊन उभी राहिली. इथून पुढचा दरवाजा दिसत होता, रांगोळी दिसत होती, हातात श्रीफळ ठेवलेला कलश घेऊन नवऱ्याशेजारी उभी राहिलेली सासूची पाठ दिसत होती. गल्लीच्या टोकाकडून पहिली हाक आली. नमोस्तु, नमोस्तु. मग त्याअलीकडच्या दारातून. आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्याशी टेकवून महाराज गल्लीत वळले होते.

कांताबाई हलल्या. वळल्या, उंबरा ओलांडून आत आल्या आणि कलश सुनेच्या हातात दिला.

"अगं, कुठं निघालीस?" नेमगोंडा दबक्या आवाजात म्हणाले. "महाराज आले की!"

"ती उभी ऱ्हाईल."

"काल तर तूच म्हणत हुतीस—"

"माझ्या हातनं नको आहार," कांताबाई म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या दारात कलश घेऊन उभ्या असलेल्या मनुबाईनं मान वळवली. "मी चौक्यात येत न्हाय. चातुर्मास सरेपतोर."

नेमगोंडा बायकोकडे बघत राहिले, मग तिच्या पदराबाहेर आलेल्या अंबाड्याकडे.

सन्मती पुढं झाली. कलश जड होता. सासूला म्हणायचं ठरवलेलं सगळं तिच्या मनात तसंच होतं, आणि आता ते म्हणायला समोर कुणी नव्हतं. समोर कालपासून उपाशी असलेले महाराज संथ पावलं टाकत येत होते.

"हे स्वामी, नमोस्तु! नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!"

तिचा आवाज भांडल्यासारखा चढला. मनुबाई आपली हाक विसरली. महाराजांनी नजर उचलून दाराकडे पाहिलं.