बेलतांड्याचा ठिपका

दोन हजार दहाचा सप्टेंबर. बीदरला पाणलोटाची कामं करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मंगल नकाशे करायची. हैदराबादला राहून ती हे काम शिकून आली होती. ठाणाकुशनूरच्या जवळच्या वाडीतली धनगराची पोर कॉम्प्युटरवर नकाशे काढते याचं वाडीला कौतुक होतं. ती नेमकं काय करते ते मात्र तिच्या बापाला, पिराजीला, कधी उमगलं नव्हतं.

सकाळी गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे फोनवर यायचे. ऑफिसातलं कुणीतरी ते एक्सेलमध्ये भरायचं. मग मंगल ती शीट सॉफ्टवेअरमध्ये घालायची. अक्षांश-रेखांश बघून एकेका गावाचा ठिपका नकाशावर पडायचा आणि पावसाच्या मानानं त्याला रंग चढायचा.

त्या दिवशी सगळे ठिपके फिकट पिवळे आले, एक सोडून. तो लालभडक होता. बेलतांडा, रात्रीतून दोनशे दहा मिलिमीटर.

"आकडा चुकलाय," तिचे वरिष्ठ नागेंद्र सर म्हणाले. "एकवीस असतील. शून्य जास्तीचं पडलं."

मंगलनं बेलतांड्याच्या मास्तरांना फोन लावला. मापक त्यांच्याच शाळेच्या आवारात होता. मास्तरांचा घसा बसलेला होता. "आकडा बरोबर हाय बाई. शाळेची भिंत पडली रातच्याला. असा पाऊस मी बघितलाच न्हाई."

"असू दे," सर नकाशाकडं बघत म्हणाले. "उघड्या माळावर पडलाय. खाली वस्ती नाही. पाणी परस्पर नदीला जाईल."

ठिपका खरंच उघड्या माळावर होता. मंगल बघत राहिली. लहानपणी ती मेंढरांमागं बेलतांड्याला गेली होती. तो तांडा वाडीच्या वरच्या अंगाला होता. नकाशात तो दक्षिणेला, भलतीकडंच कसा?

तिनं शीटमधला अक्षांशाचा रकाना उघडला. बाकीच्या गावांपुढं दशांशचिन्हानंतर चार-चार आकडे होते. बेलतांड्याचा मापक त्याच महिन्यात बसवलेला. त्याच्यापुढं नुसतं 18.15. भरणाऱ्यानं अठरा अंश पंधरा मिनिटं असं लिहायच्या ऐवजी मध्ये टिंब दिलं होतं. एका अंशाची साठ मिनिटं, म्हणजे पंधरा मिनिटं पाव अंश. तिथं 18.25 पाहिजे होतं.

तिनं आकडा बदलला. लाल ठिपका दहा-अकरा किलोमीटर वर सरकला आणि एका निळ्या तुकड्याच्या डोक्यावर जाऊन बसला. निळा तुकडा म्हणजे पाझर तलाव. त्याच्याखाली ओढा आणि ओढ्याच्या काठाला तिची वाडी.

बापाकडं फोन नव्हता. तिनं वाडीतल्या किराणा दुकानदाराला, वीरभद्रप्पाला, फोन लावला.

"अण्णा, तिकडं पाऊस हाय का?"

"कुठला पाऊस? चटका बसायलाय उन्हाचा."

"आन् तलाव?"

"काठोकाठ भरलाय म्हनं. तलावाकडनं आलेला मल्लप्पा सांगायला होता, बांधाच्या खालून गढूळ पाणी यायलंय म्हणून. पोरं बघायला जायलेत."

गढूळ म्हणजे बांधाची माती आतून वाहून जातेय, हे मंगलला कामातून ठाऊक होतं. "अप्पा कुठं हायत?"

"मेंढरं घेऊन ओढ्यात. तुझी माय बायांसंगं उडीद काढायला गेलीया, पलीकडच्या पट्टीत."

"सगळ्यांना वर काढा अण्णा. देवळाच्या टेकडीवर. आत्ताच्या आत्ता."

"कामून?"

"तलाव फुटायलाय!"

वीरभद्रप्पानं फोन ठेवला. सर तिच्याकडं बघत होते. "फुटतोय हे तुला माहीत आहे?"

"न्हाई," मंगल म्हणाली.

तालुक्याला कळवायला सरांनी स्वतः फोन उचलला. मंगलनं वाडीला पुन्हा फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग पर्स घेऊन ती बसस्टँडकडं पळाली.

औरादच्या बसमध्ये दोघं-तिघं हसत बोलत होते. बाहेर लख्ख ऊन. आपण खोटं बोललो असलो तर वाडी तोंडात शेण घालेल, असं तिला वाटलं. आणि खोटंच निघू दे, असंही ती मनात घोकत राहिली.

वाडीच्या अलीकडं बस थांबली. पूल दिसत नव्हता. लाल पाणी बाभळी उपटून नेत होतं, त्यात मेंढरांचे पांढरे-काळे गोळे वर येत होते, बुडत होते. पलीकडं देवळाच्या टेकडीवर माणसं होती. लांबून कोण कोणाचं ते ओळखू येईना. मंगल मोजायला लागायची आणि मध्येच चुकायची. हाका मारल्या तरी पाण्याच्या आवाजात काही पोचत नव्हतं.

दिवस मावळता मावळता पाणी उतरलं, तेव्हा लोकांनी दोर धरून तिला पार नेलं. आई, म्हाळसा, तिला बिलगली. पिराजी देवळाच्या पायरीवर बसला होता. वीरभद्रप्पानं बाया-पोरांना टेकडीवर धाडून, मग मोटारसायकल ओढ्यात घालून, हॉर्न वाजवत कळप चढाला पळवला होता. माणसं सगळी वाचली. अर्धी मेंढरं गेली.

"तू फोन केलास तवा बांध शाबूत होता," पिराजी म्हणाला. "तुला कसं कळलं?"

"कळलं न्हवतं अप्पा. भ्या वाटलं."

पिराजी उठून उरलेली मेंढरं मोजायला लागला.

त्यानंतर आभाळ भरून आलं की मंगलचा फोन वाजायचा. आधी वाडीतून, मग आजूबाजूच्या गावांतून. एकदा निलम्मा नावाच्या कुणा अनोळखी बाईचा आला.

"आमच्या ओढ्याचं काय दिसायलंय बाई? बाया थांबल्यात. ओढ्याकाठच्या रानात कामाला उतरू का नको?"

मंगलनं तिचं गाव शोधलं. नकाशात तिथं शांत हिरवा रंग होता, म्हणजे पाऊस नाही. पण त्या भागात मापकच नव्हता. लांबच्या दोन ठिपक्यांवरून अंदाज बांधून सॉफ्टवेअरनं मधली जागा रंगवली होती.

"तुमच्याकडचा आकडा माझ्यापाशी न्हाई, अक्का."

"पण नकाशात आमचं गाव हाय म्हनं?"

"हाय."

"मग?"

खिडकीबाहेर आभाळ काळवंडत होतं. मंगलला त्या हिरव्या रंगाचीच भीती वाटायला लागली.

"उतरू नका," ती म्हणाली. "मला म्हाईत न्हाई, म्हणून सांगायलेय. उतरू नका."