टेबलावरचं बोगोटा

मधुमतीबाईंनी तेलाचं बोट कुकरच्या रबरावरून गोल फिरवलं, झाकण बसवलं आणि वरून तळव्यानं एक थाप दिली. ती थाप बसल्याशिवाय हा कुकर वाफ धरत नसे. बहात्तर साली मिरजेहून बर्मिंगहॅमला येताना साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेला, घरभराचा वरणभात एका दमात काढणारा कुकर. इतक्या वर्षांत ती थाप दुसऱ्या कुणालाही जमली नव्हती. सुनेला, नीनाला, तर नाहीच.

"आई, पास्ता केला असता तरी चाललं असतं," नीना म्हणाली. "त्यांना डाळ आवडते की नाही, काय माहीत."

"पास्ता काय तिनं बघितला नसेल? मुलाचं घर बघायला आली आहे ना, मग घरात रोज शिजतं ते बघू दे."

ती म्हणजे ओफेलिया, पाओलाची आई. दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरातून चार दिवसांसाठी आली होती. पाओला इथल्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, आज रविवार असूनही कामावर. तिचं आणि साकेतचं, म्हणजे मधुमतीबाईंच्या नातवाचं, लग्न ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्या दोघांनीच ठरवलं होतं. साकेत बसचे रस्ते आखणारा इंजिनीअर, त्याला तिकडे नोकरीही मिळत होती. लग्न तिकडे, संसारही तिकडे. पण महिन्यापूर्वी तो आजीच्या पायाशी गालिच्यावर बसून म्हणाला होता, "आजी, तू नको म्हणालीस तर नाही जाणार आम्ही. इकडेच राहणार. प्रॉमिस."

तेव्हा त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. पण 'नाही' पदरात बांधून तयार होतं. आलेल्या पाहुणीला उपाशीपोटी नकार सांगायचा नसतो, म्हणून ते जेवण उरकेपर्यंत थांबलं होतं, इतकंच.

ओफेलिया जेवणाच्या टेबलाशी बसली होती. वय साठीच्या आतबाहेर, केस नीट मागे बांधलेले, अंगावर मधोमध गळ्यापुरतं भोक पाडलेली जाड लोकरी घोंगडी. मधुमतीबाईंनी चहाचा कप आणि पोह्यांची बशी तिच्यापुढे ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून घेतली.

"विचार तिला," त्या साकेतला म्हणाल्या, "कसलं गाव आहे तिचं. बातम्यांत तर नुसते बॉम्ब आणि पळवापळवी ऐकत आलोय आम्ही."

"आजी, असं कसं विचारू?"

"तोंडानं विचार."

साकेतनं स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. आजीच्या बोलण्यापेक्षा ते बरंच लांब आणि मऊ होतं, हे मधुमतीबाईंना भाषा न कळताही कळलं. ओफेलिया हसली. तिनं पर्समध्ये हात घातला नाही, नकाशा काढला नाही, फोटो काढले नाहीत. टेबलावरचे चहाचे दोन उंच डबे तिनं उचलले आणि एका कडेला शेजारी शेजारी उभे केले.

"हे डोंगर," साकेत सांगू लागला. "पूर्वेला. शहरात कुठेही उभं राहा, डोंगर दिसतोच. म्हणून तिकडे माणूस हरवत नाही."

मधुमतीबाईंनी डब्यांकडे पाहिलं. शाळा त्यांनी तिसरीत सोडली होती. इंग्रजी पाट्यांच्या या शहरात त्या इतकी वर्षं दुकानांच्या रंगांवर आणि वळणावरच्या चर्चवर चालत आल्या होत्या. डोंगराची खूण त्यांना पटली, पण चेहऱ्यावर त्यांनी काही येऊ दिलं नाही.

ओफेलियानं साखरेचं पांढरं भांडं एका डब्यावर ठेवलं.

"हे वरचं चर्च. तारेवरच्या पाळण्यात बसून जातात. आणि हे सगळं शहर." टेबलभर तिचा हात फिरला. लाल नॅपकिनची लांब घडी करून तिनं ती टेबलाच्या मधून अंथरली. "ही लाल बसची वाट. बसला आपला वेगळा रस्ता आहे. हे बघायलाच मी गेला होता, आजी, पहिल्यांदा."

"गेलो होतो."

"गेलो होतो. आणि रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद. सगळे सायकलवर, पायी, कुत्रे घेऊन. ती म्हणते, आधी लोक अंधार पडायच्या आत घरात शिरायचे. आता बागांमध्ये बसतात. लायब्ररी बांधल्या, मोठ्या, गरिबांच्या वस्तीत."

"गाड्या बंद करून रस्त्यावर सायकली?" मधुमतीबाई म्हणाल्या. "मग आमचं मिरज काय वाईट होतं?"

साकेतनं हे भाषांतर केलं नाही. ओफेलियानं चमच्यानं पोहे उचलले, चावले, मान डोलावली आणि पुन्हा बोलू लागली. तिकडे हवा नेहमी शरदातल्यासारखी, पंखा लागत नाही, हीटरही लागत नाही. शहर खूप उंचावर आहे, महाबळेश्वरावर दुसरं महाबळेश्वर ठेवावं तेवढं. म्हणून आजींनी पहिल्या दिवशी हळू चालायचं. धाप लागते.

"मला कोण चालवतंय तिकडे," मधुमतीबाई म्हणाल्या.

हेही साकेतनं गिळलं. पण ओफेलियानं त्याच्याकडे पाहिलं, मग मधुमतीबाईंकडे, आणि नॅपकिनची सुरकुती बोटानं सरळ केली.

मधुमतीबाईंनी आयुष्यात पुष्कळ स्थळं बघितली होती. स्वतःच्या नणंदांची, इथल्या ओळखीपाळखीतल्या मुलींची. मुलीकडची माणसं घराचं कौतुक सांगू लागली की त्या कौतुक ऐकत नसत. कुठे थांबतात ते ऐकत. ही बाई डोंगर सांगत होती, बस सांगत होती, बागा सांगत होती. आपलं घर मात्र तिनं टेबलावर अजून कुठेच ठेवलं नव्हतं.

स्वयंपाकघराचं मागचं दार वाऱ्यानं धाडकन आपटलं.

ओफेलियाच्या हातातला चमचा बशीत पडला. खांदे कानांपर्यंत गेले, चहा टेबलावर सांडला आणि लाल नॅपकिननं तो पिऊन टाकला. "सॉरी, सॉरी," ती इंग्रजीत पुटपुटली. नीना फडकं घेऊन धावली.

तेवढ्यात कुकरनं शिट्टी दिली.

ही शिट्टी म्हणजे साधीसुधी नव्हती. जुन्या वजनाची, घर हलवणारी. मीटर बघायला आलेला माणूस तिला एकदा घाबरून अंगणात गेला होता. नीनाच्या ऑफिसातली ज्यूडिथ खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. खुद्द पाओला पहिल्या दिवशी... नाही, मधुमतीबाईंना आता आठवलं, पाओला दचकली नव्हती. पाओला हसली होती.

ओफेलियाही दचकली नाही. उलट तिचे खांदे खाली आले. तिनं मान स्वयंपाकघराकडे कलती केली आणि नकळत एक बोट टेबलावर टेकवलं. दुसरी शिट्टी झाली तेव्हा शेजारचं बोट टेकलं.

मधुमतीबाई त्या बोटांकडे बघत राहिल्या.

"साकेत, विचार तिला. दार आपटलं तर जीव गेला होता, आणि शिट्टीला काहीच नाही, ते का?"

"आजी—"

"जसं बोलले तसं विचार. गोड करू नकोस."

त्यानं विचारलं. ओफेलियानं बशीतला चमचा बाजूला ठेवला. बोलली तेव्हा टेबलाकडे बघत बोलली. साकेत तिच्या मागून हळूहळू येत राहिला.

"ती म्हणते, पाओला दहा वर्षांची होती तेव्हा बॉम्ब फुटायचे. दुकानांत, रस्त्यात. खिडक्यांच्या काचांना टेप लावायचे. शाळेची बस रोज लेट. ती घेवडा भिजवून ठेवायची, कुकरमध्ये भरून ठेवायची, पण गॅस नाही लावायची. पाओला दारातून आत आली की मग लावायची." तो थांबला. "म्हणजे शिट्टी झाली की पोरगी घरात आहे. शेजारी पण तसंच करायचे. संध्याकाळी ती खिडकीत उभी राहून ऐकायची, कुणाकुणाच्या घरात शिट्टी झाली."

स्वयंपाकघरात तिसरी शिट्टी झाली. नीनानं गॅस बंद केला.

मधुमतीबाईंचा हात टेबलावरून पुढे गेला आणि मध्येच मिठाची वाटी सरळ करून मागे आला. इथंही पबमध्ये बॉम्ब फुटले होते, चौऱ्याहत्तर साली. त्या संध्याकाळी मोहनराव, त्यांचे यजमान, शहरातून चालत घरी आले होते. उशिरा. तोवर मधुमतीबाईंनी स्वयंपाकाला हात लावला नव्हता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही कधी वाटलं नव्हतं. मिरजेहून आईनं निरोप धाडला होता, पोरी परत ये. त्यांनी उलट कळवलं होतं, आता हेच माझं गाव. आईनं पुन्हा विचारलं नाही. शेवटपर्यंत नाही.

"मग पोरीला इकडे पाठवली," त्या म्हणाल्या.

"हो. एकोणीस वर्षांची असताना. हिनंच पाठवलं. पाओला नको म्हणत होती."

"आणि आता? आता ती कशात शिजवते?"

साकेतला प्रश्नाचा रोख कळला नाही, पण त्यानं विचारला. ओफेलियानं दोन्ही हातांच्या ओंजळीनं एक भांडं दाखवलं. दुधाच्या पातेल्याएवढं. मग ओंजळ सोडली आणि पुन्हा घाईनं लाल नॅपकिनकडे वळली. आता शहर खूप चांगलं आहे, ती सांगू लागली, रविवारी तर आजींनी बघायलाच हवं. त्यांना आवडलं नाही तरी हरकत नाही. मुलं जिथे राहतील तिथे सुखी राहोत.

"ती म्हणते, मुलं जिथे—"

"कळलं," मधुमतीबाई म्हणाल्या. "जेवायला वाढ, नीना."

पानं वाढली. ओफेलियानं वरणभात दोनदा घेतला. दुसऱ्यांदा घेताना तिनं विचारलं, डाळीला इथं किती शिट्ट्या लागतात. मधुमतीबाईंनी तीन बोटं दाखवली. ओफेलियानं आणखी दोन बोटं उघडली आणि वर, उंचाकडे, हात केला.

"पाणी तिकडे लवकर उकळतं," साकेत म्हणाला, "म्हणून डाळ लवकर शिजत नाही."

"ते मला कळतं. तू जेव."

पानं उचलल्यावर साकेत ओफेलियाला गाडीनं पाओलाकडे सोडायला निघाला. त्यानं कोट घातला, गाडीच्या किल्ल्या घेतल्या आणि उगाच दारात रेंगाळला. आजी आता बोलेल, मग बोलेल. आजी स्वयंपाकघरात नळाखाली काहीतरी घासत होती. बाहेर आली तेव्हा हातात कुकर होता, पुसून कोरडा केलेला, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेला.

"हा घे. विहीणबाईंच्या सामानात घाल."

विहीणबाई हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. नीनानं भांडी पुसता पुसता मान वर केली.

"आजी, हा तुझा..." साकेतनं तो हातात घेतला. आत काहीतरी खुळखुळलं. "आत काय आहे?"

"मूठभर तूरडाळ. भांडं रिकामं देत नाहीत."

"एअरपोर्टवर उघडायला लावतील."

"लावू देत. त्यांनाही कळेल डाळ म्हणजे काय. आणि विहीणबाईंना सांग, झाकण लावलं की वरून तळव्यानं थाप द्यायची. नाहीतर वाफ धरत नाही."

साकेतनं सांगितलं. ओफेलियानं कुकर त्याच्याकडून घेतला, पोटाशी धरला आणि बांधलेल्या साडीवरूनच झाकणावर एक थाप दिली.

मधुमतीबाईंनी ओठ मुडपले. "जमेल."

"आजी," साकेत म्हणाला, "म्हणजे तू... तू येणार लग्नाला?"

"पहिल्या दिवशी हळू चालायचं म्हणाल्या ना त्या? मग झालं तर. जा आता, त्यांना थंडीत उभं करू नकोस."

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी चहाचे डबे जागेवर ठेवले, साखरेचं भांडं फळीवर ठेवलं. लाल नॅपकिन मात्र धुवायला न टाकता घडी करून बाजूला ठेवला.

संध्याकाळी मधुमतीबाईंचा मुलगा जयंत यायच्या सुमाराला नीनानं डाळ धुतली आणि ओल्या हातांनी ओट्यापाशी थांबली.

"आई, आता डाळ कशात लावायची?"

मधुमतीबाई खुर्चीत बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वरच्या फळीवर लहान आहे, तो काढ," त्या म्हणाल्या. "आपल्याला पुरे."