दुपारची झोप

तृप्तीने चादरीचे टोक उचलले, गादीखाली हात सरकवला आणि बाहेर काढून नाकाशी नेला.

"कोरडी आहे," ती म्हणाली. "वासही नाही."

"रोज उन्हात टाकतो," हर्षल सर म्हणाले. "रोज म्हणजे रोज."

सविताने तरीही पुढच्या दोन गाद्या चाचपल्या. त्याही कोरड्या निघाल्या, तेव्हा तिला आपल्यालाच शाबासकी मिळाल्यासारखे वाटले. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या या वसतिगृहात तिचा धाकटा भाऊ गोरक्ष काही वर्षांपासून राहत होता. इथली सगळीच माणसे त्याच्यासारखी, वयाने चाळिशी-पन्नाशीला टेकलेली आणि समजेने लहान राहिलेली. संस्थेला मदत करणाऱ्या कंपनीने यंदा अट घातली होती, की पुढची मदत हवी असेल तर आधी कोणीतरी येऊन इथला कारभार डोळ्यांनी पाहावा, आणि पाहणाऱ्यांत एक पालक असावा. कंपनीकडून तृप्ती आली होती. पालकांतर्फे सविताचे नाव खुद्द वसतिगृह चालवणाऱ्या हर्षल सरांनीच सुचवले होते.

स्वयंपाकघर झाले. वरण पातळ नव्हते. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या होत्या, फरशी घसरडी नव्हती. गोरक्ष सगळीकडे त्यांच्या मागे मागे होता. त्याच्या शर्टाला पिवळा बिल्ला लावलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरात 'मदतनीस' लिहिले होते. त्याला ते वाचता येत नव्हते, पण कोणी बिल्ल्याकडे पाहिले की तो पाठ ताठ करी.

"गोरक्षदादा, इथे आवडतं का तुम्हाला?" तृप्तीने विचारले.

"माले काम शे," गोरक्ष म्हणाला.

"आम्ही नामपूरचे," सविता हसून म्हणाली. "आई अहिराणी बोलायची. माझी भाषा नाशकात येऊन बदलली, त्याची तीच राहिली. मला काम आहे म्हणतोय."

आई गेल्यावर तिने गोरक्षला पंचवटीत आपल्या घरी आणले होते. खाली पूजासाहित्याचे दुकान, वर दोन खोल्या, आणि दाराबाहेर बारा महिने यात्रेकरूंची गर्दी. कुठे ताशा वाजला की गोरक्ष त्याच्या मागे चालू लागे. एकदा असाच गेला तो मनमाडच्या फलाटावर सापडला. अंगात शर्ट नव्हता, ओठ फुटलेला होता, आणि कोणी मारले ते त्याला सांगता आले नाही. आठवड्याने सविताच्या नवऱ्याने, दिनेशने, या जागेचा पत्ता आणून तिच्यापुढे ठेवला. तिने फार विचारही केला नव्हता. नंतर मात्र दर भेटीत गोरक्ष अंगाने भरलेला, नखे कापलेला, हसरा दिसे, आणि तिला वाटे, आपण ठीक केले.

जेवणे आटोपल्यावर तृप्ती ऑफिसात बसली. सविता गोरक्षला शोधत मागच्या बाजूच्या लांब खोलीकडे गेली. दार लोटलेले होते. आत पुरुषांचे पलंग ओळीने मांडलेले होते आणि गोरक्ष एकेका पलंगापाशी थांबत पुढे सरकत होता. त्याच्या खांद्यावर जुन्या लुगड्यांचे काठ फाडून केलेल्या पट्ट्या होत्या.

तिला आधी कळलेच नाही तो काय करतोय ते.

मंगळू नावाचा सुरगाण्याकडचा एक उंच माणूस होता. गोरक्ष जवळ येताच त्याने आपण होऊन हात पुढे केला. गोरक्षने पट्टी मनगटाभोवती दोनदा फिरवली, पलंगाच्या दांडीला गाठ मारली, मग मनगट आणि पट्टी यांच्यामध्ये आपले बोट घालून पाहिले. फार आवळले नव्हते. त्याने मंगळूच्या केसांवरून हात फिरवला.

"जपी जाय रे राजा," तो म्हणाला. "जपी जाय."

आई त्याला निजवताना असेच म्हणायची. तोच सूर होता.

"गोरक्ष!"

तो दचकला नाही. त्याचा चेहरा उजळला. "आक्का, देख," तो म्हणाला आणि हाताने सगळी ओळ दाखवली. "येक बी सुटत नही. हाई मनं काम शे."

कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसलेली लंकाबाई उठून उभी राहिली. घडी तशीच छातीशी धरलेली.

"ताई, आमी दोघीच अस्तो दुपारच्याला," ती म्हणाली. "मी आन् चांगुणा. तिकडं बायांकडं बी बघावं लागतं, भांडी अस्त्यात. हे उठून कुठं बी जात्यात. दोन घंट्यांचा तर प्रश्न हाय. लागत नाय त्यांना. गोरक्ष लय मायेनं बांधतो."

सविताची नजर मंगळूकडे गेली. तो छताकडे पाहत पडला होता. त्याच्या मनगटावर कातडीचा रंग फिकट झालेला एक पट्टा होता, घड्याळ काढल्यावर दिसतो तसा.

हर्षल सरांनी काहीच नाकारले नाही. ऑफिसबाहेरच्या कडुनिंबाखाली ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले. ही संस्था त्यांच्या वडिलांनी काढली होती. पुण्यातली नोकरी सोडून ते इथे आले होते, हे सविताला ठाऊक होते.

"माणसं मिळत नाहीत, मॅडम. पोरं येतात, चार दिवस राहतात, एकदा कोणाचं अंथरूण धुवावं लागलं की सातपूरला कंपनीत जातात. पारसाल एक जण दुपारी बाहेर पडला, तो शेततळ्यात सापडला. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

"पण बांधायचं?"

"गोरक्षला कधी बांधलं नाही. एकदाही नाही. म्हणूनच तर तुमचं नाव सुचवलं. म्हटलं, ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्या समजून घेतील."

परत येताना गाडीच्या दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा होत्या, नुसत्या काड्या राहिलेल्या. तृप्ती मोकळेपणाने बोलत होती. तिचे पहिलेच असे काम होते. तिला वसतिगृह आवडले होते.

"काकू, मी जेवणानंतर ऑफिसमध्येच होते. तुम्हाला काही वेगळं दिसलं का?"

सविता खिडकीबाहेर पाहत राहिली. मदत थांबली की वसतिगृह बंद पडेल. बंद पडले की गोरक्ष पंचवटीत येईल. घरात आता सून होती, आणि तिला सातवा महिना लागला होता. नाही म्हटले असते तर गाडी तशीच पुढे गेली असती. पण मंगळूचा तो आपण होऊन पुढे आलेला हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"दुपारी त्यांना बांधतात," ती म्हणाली. "पलंगाला."

तृप्तीने चालकाला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. सविताने सगळे सांगितले. पट्ट्या कशाच्या होत्या, किती वेळ बांधतात, मनगटावरचा पट्टा, सगळे.

"बांधतं कोण?"

सविताने पदरावर नसलेली सुरकुती सरळ केली.

"तिथल्या बायका," ती म्हणाली.

वसतिगृह बंद पडले नाही. कंपनीने सुधारणेसाठी मुदत दिली, मदतही वाढवली. कॅमेरे बसले, पलंग नवे आले, दर पंधरवड्याला एक डॉक्टर येऊ लागले. सविताच्या धीटपणाचे तृप्तीने फोनवर दोनदा कौतुक केले. या सगळ्या गडबडीत सुनेचे डोहाळेजेवण झाले, दिवाळी आली, दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. गोरक्षला दिवाळीसाठी घरी आणायचे राहून गेले. फोन केला तर हर्षल सर म्हणत, तो मजेत आहे, आत्ता झोपलाय.

डिसेंबरात बदल पाहायला दोघी पुन्हा गेल्या. तेव्हाही दुपारच होती.

लांब खोलीचे दार या वेळी सताड उघडे होते. भिंतींना फिकट निळा रंग दिला होता. नव्या पलंगांच्या दांड्या मोकळ्या होत्या, एकाही मनगटावर काही नव्हते. ओळीने सगळे झोपले होते. मंगळू कुशीवर होता आणि त्याच्या तोंडातून निघालेली लाळ उशीवर पसरली होती. एवढी माणसे एका खोलीत असून कोणी खोकत नव्हते, कोणी कुरकुरत नव्हते.

"बघा," हर्षल सर हलक्या आवाजात म्हणाले. "एक पट्टी सापडणार नाही तुम्हाला."

तृप्तीने समाधानाने मान हलवली आणि ती त्यांच्याबरोबर कॅमेऱ्यांची खोली पाहायला गेली. सविता पलंगांवरून नजर फिरवत राहिली. शेवटून दुसऱ्या पलंगावर तिला गोरक्ष दिसला.

त्याच्या शर्टावर बिल्ला नव्हता. दाढी वाढली होती. ती पलंगाच्या काठावर बसली आणि तिने त्याच्या खांद्याला हात लावला.

"नगा उठवू, ताई," मागून लंकाबाई म्हणाली. "उठला का परत रडंल."

"दुपारी कधी झोपायचा नाही हा."

"गोळी हाय ना. समद्यांनाच हाय, जेवणावर. ह्याला पयले नव्हती. पन ते काम काढून घेतल्यापासून त्यानं लय तरास दिला. दारं आपटायचा. माझं काम द्या, माझं काम द्या, नुसतं त्येच. रातचा उठून चादरी फाडायचा आन् पट्ट्या करायचा. मंग सरांनी ह्याला बी सुरू केली." तिने आवाज आणखी खाली आणला. "डॉक्टर इत्यात तवा समदे शांत अस्त्यात. ते खूश होत्यात."

सविताचा हात त्याच्या खांद्यावरच होता. खांदा ऊबदार आणि जड होता.

"चांगुणा दिसत नाही ती?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक नवीन मुलगी मोबाइल पाहत बसली होती. लंकाबाईने आधी तिच्याकडे पाहिले.

"तिला काढलं," ती म्हणाली. "कोनीतरी सांगितलं, बाया बांधत्यात. दोघींमधल्या एकीला जावं लागंल म्हनले सर. माझी नोकरी जुनी, म्हनून मी राहिले." तिने उशीवरून घसरलेले मंगळूचे डोके वर सरकवले. "तिनं एकदा बी कोनाला हात लावला नव्हता, ताई. तिला ते बघवायचं नाय. गोरक्ष बांधायला लागला का ती भांडी घासायला निघून जायची."

"आता कुठे आहे?"

"बागांमधी. घड विरळायला जाती. मिळंल तवा."

सविताने दोन्ही हातांनी गोरक्षला हलवले. हळू नाही, जोरात. एकदा, परत एकदा. त्याचे डोळे उघडले, तिच्यावर थांबले, पण तिला ओळखायला त्याला वेळ लागला.

"आक्का," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "माले काम नही."

"ऊठ. याच्या चपला कुठे आहेत?"

"चपला हिरामणला दिल्या," लंकाबाई म्हणाली. "नवीन आलाय तो. ह्याला आता लागत नव्हत्या."

तिने त्याला तसाच अनवाणी उभा केला. त्याचे वजन तिच्या अंगावर आले. भिंतीला धरत, मधे मधे थांबत ती त्याला ओळीच्या कडेने दारापर्यंत घेऊन गेली. कोणी मान वर केली नाही. नव्या मुलीने तेवढा मोबाइल खाली ठेवला.

व्हरांड्यात तृप्ती आणि हर्षल सर समोरून आले.

"मॅडम, हे काय? कुठे नेताय?"

"घरी."

"असं कसं? सही लागते, डॉक्टरांना विचारावं लागतं…"

"मग विचारा," सविता म्हणाली. ती तृप्तीकडे वळली. "तू आत जा आणि मंगळूला उठवून बघ."

"झोपलाय ना तो, काकू."

"उठवून बघ म्हणते ना."

तृप्तीने एकदा गोरक्षच्या पायांकडे पाहिले, एकदा हर्षल सरांकडे. "तुम्ही गाडी घेऊन जा," ती म्हणाली. "मी थांबते." आणि ती आत गेली.

तिला हाक मारून थांबवावे, बांधणारा कोण होता ते सांगावे, असे सविताच्या मनात आले. चांगुणाचे नाव ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात गोरक्षचा गुडघा वाकला आणि तिला दोन्ही हातांनी त्याला सावरावे लागले. चालक धावत आला. दोघांनी मिळून त्याला मागच्या सीटवर बसवले.

गाडी बागांमधून निघाली. आता काड्यांना दाट पाने आली होती आणि त्यांच्याखाली बायका ओळींनी उभ्या होत्या. हात वर, मान मागे, हातात छोट्या कात्र्या. उन्हासाठी सगळ्यांनी तोंडाला फडके बांधले होते, नुसते डोळे उघडे. सविता एकेकीकडे पाहत राहिली. चांगुणाला तिने दोन-तीनदाच पाहिले होते. ती ओळखू येणे शक्य नव्हते.

गोरक्षचे डोके तिच्या खांद्यावर आले. तो पुन्हा झोपला होता. तिने पर्समधून फोन काढून घरी लावला.

"गोरक्षला घेऊन येतेय," ती म्हणाली. "दुकानामागच्या खोलीतली खोकी बाहेर काढून ठेवा."

पलीकडे दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. मग तो कमी झाला. दिनेश फोन घेऊन आतल्या बाजूला गेला असावा.

"बरं," तो म्हणाला. आणि अगदी न रागावता त्याने विचारले, "किती दिवसांसाठी?"