सरांच्या कोटाचा खांदा

टेलरमास्तरांच्या दुकानात माप मोठ्याने सांगायची पद्धत नव्हती. इतर दुकानांत एक जण टेप लावून आकडे ओरडतो, दुसरा लिहून घेतो आणि कमरेचा घेर रस्त्यावरच्या माणसालाही कळतो. मास्तर मात्र आकडे मनात धरत आणि आतल्या खोलीत जाऊन स्वतः वहीत उतरवत. गिऱ्हाईकाचं माप आपल्या तोंडून बाहेर पडता कामा नये, ही वडिलांची शिकवण होती. तीस वर्षांत ते कधी बाहेर पडलं नव्हतं.

पण माप द्यायला माणूस तर यायला हवा. कोपऱ्यावर तयार कपड्यांचं दुमजली दुकान झालं आणि मास्तरांवर माश्या मारायची पाळी आली. तेव्हा काजं-बटणं सांभाळणाऱ्या त्यांच्या लेकीने, चिमीने, मोबाइल हाती घेतला. छोट्या धंद्याची जाहिरात कशी करावी, हे ती एका ऑनलाइन वर्गात शिकत होती. जो ट्रेंड चालू असेल त्यात उडी मारायची आणि पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला थांबवायचं, असं तिथे सांगत.

आधी तिने गाण्याच्या तालावर कात्री नाचवली. ते एकोणीस जणांनी पाहिलं, त्यातले सहा नातेवाईक. मग बापाला कापड हवेत उडवायला लावलं, त्यात त्यांचा चष्मा पडला आणि लोकांना तेवढंच आवडलं. मास्तरांना यात काही नवल वाटलं नाही. ट्रेंड म्हणजे फॅशनच. त्यांनी पायघोळ पँटी शिवल्या, मग नळीसारख्या शिवल्या, मग पुन्हा पायघोळ. फॅशनमागे धावताना शिवणीत थोडं जास्तीचं कापड राखावं, म्हणजे उद्या उसवून सैल करता येतं. कपड्यांच्या बाबतीत हे शहाणपण त्यांच्याकडे भरपूर होतं.

मग ‘आमच्या धंद्यातलं गुपित’ हा ट्रेंड आला. बेकरीवाला पाव कसा फुगतो ते सांगू लागला, सलूनवाला टक्कल कसं झाकतो ते दाखवू लागला.

“बाबा, तुम्हीही सांगा ना एखादं,” चिमी म्हणाली. “फक्त तुम्हालाच जमतं असं.”

टेबलावर गणिताच्या सरांचा कोट अस्तर बदलायला आलेला होता. सरांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बराच खाली होता. बावीस वर्षांत मास्तरांनी त्यांना सहा कोट शिवले आणि प्रत्येकाच्या उजव्या खांद्यात थरावर थर देऊन अशी पॅड बसवली, की सर फळ्यासमोर उभे राहिले की दोन्ही खांदे एका रेषेत. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे मास्तरांचं सगळ्यात अवघड काम असं होतं, की त्याचं कौतुक कधी कुणी करणारच नव्हतं. खोटं कशाला बोला, याची त्यांना बोच होती.

त्यांनी उसवलेल्या अस्तरातून पॅड कॅमेऱ्याला दाखवली. “या माणसाचा एक खांदा खाली आहे. किती, ते सांगणार नाही. पण हा समोरून चालत आला तर ओळखू येईल?”

आकडा सांगितला नाही, नाव घेतलं नाही, चेहरा तर नव्हताच. वडिलांचा शब्द पाळल्याच्या समाधानात ते जेवायला गेले.

दोन लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. तीन दिवसांत चौदा नवी गिऱ्हाइकं आली आणि मास्तर शीळ घालत कापड कापू लागले. चौथ्या दिवशी चिमीने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. आवाज मास्तरांचाच होता, “ओळखू येईल?” आणि त्यावर शाळेच्या गणवेशातली पोरं एक खांदा पाडून, हातात खडू धरून, ओळीने वर्गात येत होती. खाली शेकडो जणांनी लिहिलं होतं, ओळखला.

मास्तर सरांना मापावरून ओळखत होते. बाकीचं जग त्यांना कोटावरून ओळखत होतं, त्या तपकिरी चौकड्यावरून आणि कोपरावरच्या चामड्याच्या तुकड्यावरून. इतकी साधी गोष्ट, पण ती टेलरच्या डोक्यात आली नव्हती.

“काढून टाक,” ते म्हणाले.

“आपला काढला, बाबा. पोरांनी केलेले माझ्या हातात नाहीत.”

“मग ते उसवता येत नाहीत?”

चिमीने नकारार्थी मान हलवली. त्या दुपारी व्हिडिओ बघून आलेल्या एका बाईंनी टेप पाहताच विचारलं, “माझं काही टाकणार नाही ना?” आणि उत्तराची वाट न बघता कापड पिशवीत घालून त्या निघून गेल्या.

शनिवारी सर आले. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. मास्तर उठून उभे राहिले. “सर, मी चुकलो. मला फुशारकी मारायची होती.”

“हल्ली मी फळ्याकडे वळलो की वर्ग अगदी शांत होतो,” सर म्हणाले. “इतकी वर्षं ते जमत नव्हतं मला.” कुणी हसलं नाही. “उजवी पॅड काढा.”

“मी दुसरा कोट शिवतो. वेगळं कापड. कुणाला ओळखू येणार नाही.”

“काढा, मास्तर.”

मास्तरांनी स्वतःच्या हातचे बारीक टाके एकेक करून उसवले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात चुकला नाही. सरांनी कोट घातला. उजवीकडे कॉलरखाली मोठी चुणी पडली. सवयीने मास्तरांचा हात ती सारखी करायला गेला आणि मध्येच थांबला.

सर आरशात बघत होते. “नक्की किती खाली आहे हो? तुम्ही मला कधी सांगितलंच नाही.”

मास्तरांनी बसलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं आणि ते सरांच्या कानाशी वाकले.

“आता कानात कशाला?” सर म्हणाले.

मास्तर सरळ झाले. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दुकानात माप मोठ्याने सांगितलं, “सव्वा इंच.”

“बरं,” सर बटणं लावत म्हणाले. “पुढचा कोट तेवढं धरून कापा. म्हणजे चुणी पडणार नाही.”