पाव एकराचं पेरणी यंत्र

"या वर्षी वरचा पट्टा राहू दे," माझा नवरा व्हर्लिन म्हणाला, तेव्हा मी तव्यावरची अंडी उलटत होते. खिडकीबाहेर बघत, हवापाण्याचं काहीतरी सांगावं तसं म्हणाला.

वरचा पट्टा म्हणजे आमच्या टेकडीच्या माथ्यावर, ओकच्या झाडांमध्ये असलेली पाव एकर मोकळी जागा. विस्कॉन्सिनच्या या डोंगराळ भागात असा एखादा तुकडा बहुतेकांकडे असतो. तिथं स्वतःसाठी काही पिकवायचं नाही. हरणांसाठी क्लोव्हर पेरायचा, तीन पानांचा गोड चारा, आणि नोव्हेंबरात ज्याला शिकार करायची त्यानं करावी. व्हर्लिननं बंदूक दोन वर्षांपूर्वीच पुतण्याला देऊन टाकली. तो आता नुसता बघायला जातो. जूनमध्ये माद्या पाडसं घेऊन येतात आणि हा ओकवरच्या मचाणावर तासन् तास बसतो. मग जेवताना मला सांगतो, की ती फाटक्या कानाची आली होती, यंदा तिला जुळं झालंय. आम्हाला मूलबाळ नाही. त्या जुळ्यांचं कौतुक मी निम्मं जेवण गार होईपर्यंत ऐकलेलं आहे.

बंदूक का दिली ते सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. त्याचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. हातानं काही करायला गेलात की जास्तच होईल." त्या दिवसापासून तो हात खिशात. आधी पत्ते सुटले. मग चर्चमधली कॉफी सुटली, कारण कप बशीवर वाजतो. मग शुक्रवारचं गावातलं मासे खाणं सुटलं. आता पट्टा. हा पट्टा सुटला की माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार आणि पुन्हा उठणार नाही, हे मला तव्यासमोर उभ्या उभ्या लख्ख दिसलं.

"का बरं राहू दे?" मी विचारलं.

"हरणांना खायला रान आहे की."

खरं कारण गेल्या वर्षीचं होतं. गळ्यात अडकवायचं जुनं यंत्र आहे आमच्याकडे. पिशवीत बी असतं, खालचं हँडल फिरवलं की चकती बी फेकते. पावलाला एक फेरा, असा एकसारखा हात चालावा लागतो. त्याचा हात मध्येच अडखळायचा, मध्येच भरभर फिरायचा. मे महिन्यात क्लोव्हर उगवला तो पट्ट्यापट्ट्यांनी, एक हिरवा, एक उघडा. माझा थोरला भाऊ लॉवेल बघायला आला आणि चारचौघांत म्हणाला, "काय रे, झेब्रे बोलावलेस का चरायला?" सगळे हसले. व्हर्लिनही हसला, आणि घरी येऊन त्यानं ते यंत्र गोठ्याच्या माळ्यावर टाकलं.

मार्चचा दुसरा आठवडा होता. आमच्याकडे तेव्हा रात्री जमीन गोठते आणि दुपारी सुटते. पहाटे तिच्यावर बारीक बारीक भेगा असतात. त्या भेगांवर बी नुसतं टाकायचं. पुढच्या गोठण्या-सुटण्यात जमीन ते आपणहून पोटात घेते. नांगर नको, कुळव नको. पण हे दिवस जेमतेम दोन-तीन आठवडे टिकतात. म्हणून मी वेळ न घालवता लॉवेलला फोन केला आणि लगेच पस्तावले.

अर्ध्या तासात तो अंगणात हजर. "अगं, माझं मोठं पेरणी यंत्र आहे ना! ट्रॅक्टरला जोडलं की काम तमाम. व्हर्लिन, तू फक्त मचाणावर बसून मजा बघ."

"ते किती रुंद आहे?" व्हर्लिननं शांतपणे विचारलं.

"आठ फूट."

"वरच्या वाटेवरचे दोन ओक एकमेकांपासून पाच फुटांवर आहेत."

"मग एक ओक पाडू!"

"तुझं डोकं पाड आधी," मी म्हटलं. "ते ओक त्याच्या आजोबांनी लावलेत."

"बरं, मग चार चाकांची माझी छोटी गाडी घेऊन जातो. तिच्या मागं बी फेकणारा डबा आहे. वीस मिनिटांत पेरून देतो."

व्हर्लिननं मान हलवली. "राहू दे लॉवेल. तू पेरलंस तर तो तुझा पट्टा झाला." आणि तो घरात निघून गेला. लॉवेल माझ्याकडे बघत राहिला. माझा भाऊ मनानं वाईट नाही, फक्त त्याच्याकडे प्रत्येक दुःखावर एक यंत्र असतं.

पण यंत्राचं खूळ माझ्याही डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या चाऱ्याच्या दुकानात गेले. तिथली ट्रूडी तीस वर्षं बी-बियाणं विकते. नवऱ्याच्या हाताचं मी काही बोलले नाही. ट्रूडीनंही विचारलं नाही, नुसती एकेक वस्तू काढून समोर ठेवत गेली.

"हे हातानं फिरवायचं."

"नको."

"हे ढकलायचं, दोन चाकांचं. चढावर दम काढेल, आणि गोठलेल्या ढेकळांवर उड्या मारेल."

"नको."

"मग हे. बॅटरीवरचं. छातीवर अडकवायचं, बटण दाबायचं, चालत सुटायचं. पण आर्लिस, एक ऐक. क्लोव्हरचं बी मोहरीपेक्षा बारीक. खालची फट केसभर जास्त उघडली तर पहिल्या दहा पावलांत पिशवी रिकामी. आधी घरी एखाद्या चादरीवर चालवून बघ, आणि बी मोज."

"मोजू? एकेक दाणा?"

"चौकड्यांची चादर घे. दोन इंचाच्या चौकडीत चार-पाच दाणे पडले की पेरणी झकास."

माझ्याकडे चर्चच्या सहलीचं लाल-पांढऱ्या चौकड्यांचं लांबलचक टेबलक्लॉथ होतं. ते मी शेडमधल्या फरशीवर अंथरलं आणि व्हर्लिनला हाक मारली. छातीवरचे पट्टे मी बांधून दिले. त्याच्या डोळ्यांत जराशी चमक होती, आणि मला वाटलं, जमलं.

बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं आणि पिशवीतलं निम्मं बी एका जागी ढीग करून बसलं. फट कमी केली. मग काहीच पडेना. पुन्हा किंचित उघडली. एका चौकडीत एकतीस दाणे, शेजारच्या तीन कोऱ्या. व्हर्लिनला ती फट बसवायला बारीक खिटी फिरवावी लागायची, आणि खिटी धरली की हात आणखी नाचायचा. मी पुढं झाले तर म्हणाला, "असू दे, मी करतो." पाच मिनिटं लागली. मी शेडच्या छताकडे बघत उभी राहिले.

"पिशवी रिकामी झाली," तो शेवटी म्हणाला. मी सांडलेलं सगळं झाडून घेतलं, कापड झटकून पुन्हा अंथरलं. पट्टे सोडून, यंत्र खाली ठेवून तो कोपऱ्यातल्या पोत्याकडे गेला, मापटं भरून घेतलं आणि कापडाच्या कडेकडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत यंत्राकडे आला. उजव्या हातात मापटं, आणि ते काठावरून सांडतंय. त्याला दिसत होतं, मलाही. दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

पट्टे पुन्हा बांधले, पण यंत्रानं पुन्हा तेच केलं. मी दाणे मोजायला गुडघ्यांवर बसले. यंत्र चाललं होतं तिथं सगळा गोंधळ. पण कडेच्या ओळीत, जिथून व्हर्लिन मापटं घेऊन आला होता, तिथं पहिल्या चौकडीत चार. पुढं पाच. पुढं चार. चार. सहा. पाच. मी वीस चौकड्या मोजल्या. कुठं ढीग नाही, कुठं कोरं नाही.

विचार करून बोलायची मला सवय नाही. मी ओरडलेच, "व्हर्लिन! हे यंत्र परत देऊन टाकू! तुझा हात याच्यापेक्षा चांगलं पेरतो!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "आता तूही?"

"अरे, तसं नाही. मोजून बघ ना—"

"लॉवेलनं हसावं, ठीक आहे. तू?" त्यानं पट्टे सोडले, यंत्र जमिनीवर ठेवलं आणि बाहेर गेला.

मी तिथंच बसून राहिले. स्वतःच्या जिभेला इतक्या शिव्या मी कधी दिल्या नव्हत्या. ज्या गोष्टीची त्याला लाज वाटते तीच मी शाबासकीसारखी त्याच्या तोंडावर मारली होती. कापड उचलायचंही सुधरेना. किती वेळ गेला कोण जाणे, गुडघे दुखायला लागले.

मग दार वाजलं. व्हर्लिन वाचायचा चष्मा लावून आत आला. माझ्याकडे न बघता कडेच्या ओळीपाशी खाली बसला आणि बोट लावून मोजायला लागला. पुटपुटत वीस, तीस, चाळीस चौकड्या.

"या एकीत सात आहेत," तो म्हणाला.

"तिथं तू शिंकला होतास."

तो हसला नाही, पण तोंडाचा कोपरा हलला. उठून त्यानं फळीवरची पीनट बटरची रिकामी बरणी घेतली. झाकण लाकडावर ठेवून मला म्हणाला, "खिळा तू धर. ठोकणार मी."

"बोट जाईल माझं!"

"मग हातोडी तू घे, खिळा मी धरतो."

"मग तुझं जाईल!"

शेवटी दोघांनी मिळून अकरा भोकं पाडली. एक वाकडं पडलं. ते माझं.

दोन दिवसांनी पहाटे आम्ही वर गेलो. जमीन बुटांखाली कुरकुरत होती. मी दोऱ्या लावून ओळी आखल्या आणि पुढं चालत राहिले. व्हर्लिन मागून येत होता, उजवा हात समोर ताणून, बरणी उलटी धरून. हात जसा थरथरायचा तसा थरथरत होता आणि बी एकसारखं, बारीक आवाज करत भेगांवर पडत होतं. तो हात धरून ठेवायची धडपड करत नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याचे खांदे सैल पडलेले पाहिले. अर्ध्यावर आल्यावर तो शीळ घालायला लागला. मी मागं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर त्यानं थांबवली असती.

मेच्या शेवटी लॉवेल आला. मी आणि व्हर्लिन त्याच्याबरोबर वर गेलो. पट्टा या ओकपासून त्या ओकपर्यंत हिरवागार होता, एक रेघ नाही की एक टक्कल नाही. लॉवेल वाकला, दोनचार ठिकाणी पानं बाजूला करून बघितली, पावलं टाकत सगळी कड फिरून आला.

"मानलं," तो म्हणाला. "कुठलं यंत्र घेतलंस शेवटी? ट्रूडी मला सांगेना. बॅटरीवालं का? माझं आठ फुटांचं मोठं यंत्रसुद्धा असं पेरत नाही रे."

व्हर्लिनचा हात खिशात होता. मला वाटलं, तो काहीतरी थाप मारेल, आणि मारली असती तर मी साथ दिली असती. त्यानं एकदा क्लोव्हरकडे पाहिलं. मग त्यानं उजवा हात बाहेर काढला आणि लॉवेलसमोर, छातीच्या उंचीवर, सरळ धरला. हात थरथरत होता.

"हे," तो म्हणाला.

लॉवेलनं हाताकडे पाहिलं. मग पट्ट्याकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. त्याचे डोळे भरून आले, आणि ते झाकायला त्यानं टोपी खाली ओढली.

"पुढच्या मार्चला," तो म्हणाला, "माझ्या ओढ्याजवळच्या तुकड्यावर हे आणशील का? मला तिथं कधी नीट जमलं नाही."

"बघतो," व्हर्लिन म्हणाला. "आर्लिसला विचार. ओळी ती आखते."

मी लॉवेलला म्हटलं, "आधी त्या झेब्र्यांबद्दल माफी माग."

त्यानं मागितली, टोपी काढून, अगदी नीट. मग ते दोघं फाटक्या कानाच्या हरिणीबद्दल बोलत उभे राहिले, आणि व्हर्लिन बोलताना हातानं दाखवत होता, ती कुठून येते, पाडसं कुठं थांबतात. हात हवेत थरथरत होता. तो त्यानं परत खिशात घातला नाही. मी ओकच्या मागं जाऊन मनसोक्त रडले.