लिलावात गेलेले पॉइंट

मी झाशीतल्या एका रंगवाल्याच्या पाकिटातून बोलतोय. मी क्रेडिट कार्ड. खरेदीवर थोडे पैसे परत देणारं, पॉइंट जमवून देणारं, म्हणजे माझ्या बिरादरीत हुशार समजलं जाणारं. आता अंगावरचे आकडे पुसट झालेत आणि एक कोपरा सुटत आलाय. थकलोय, पण बसा. दुकानदाराच्या खिशात आयुष्य काढलेल्याला गप्प बसणं जमत नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. प्लास्टिकचा लांबलचक ताव, त्यातून कापलेली शेकडो भावंडं. नाव पडेपर्यंत आम्ही सगळी सारखीच. माझ्यावर नाव पडलं जयदीप सप्रे, आणि माझी रवानगी ओरछा गेटच्या आतल्या एका दुकानात झाली. सप्रे घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, गल्ल्यावर बुंदेली, आणि हिशेब मनातल्या मनात; त्याला भाषा लागत नाही.

मला विकायला आलेल्या माणसाची गोष्ट जयदीप अजून सांगतो. तो म्हणाला, "सप्रेजी, फ्री है. एकदम फ्री."

जयदीपने त्याच्यासाठी चहा मागवला. "फ्री तो ठीक है भैया. इसमें तुम्हें क्या मिलेगा?"

त्याने आपलं कमिशन सांगून टाकलं.

"और बैंक को?"

त्यावर तो माणूस चहा प्यायला लागला. जयदीपला समजायचं ते समजलं. बँक गाफील गिऱ्हाइकावर जगते. आपण गाफील राहायचं नाही. त्याने तिथेच सही केली.

मी फार कार्डं पाहिली, पण असा मालक पाहिला नाही. बिल आलं की पूर्ण भरायचं, तेही शेवटच्या तारखेची वाट न बघता. 'किमान रक्कम' भरून बाकीची पुढे ढकलणं त्याला माहीतच नव्हतं. बिजौलीच्या कारखान्यातून थिनरचे डबे आणायचे, तिथे मालक कार्डावर दोन टक्के जादा मागायचा. जयदीप मला परत खिशात घालायचा. "एक मिलेगा, दो जाएगा. चेक ले लो भाई."

शेजारचा सायकलवाला देवेंद्र मात्र एकदा आपलं कार्ड घेऊन एटीएमवर गेला आणि रोख काढून आला. वर जयदीपलाच सांगायला आला, "देखो सप्रे भैया, मशीन ने दे दिए." जयदीपने कपाळाला हात लावला. रोख काढली की व्याज त्याच घडीपासून चढतं, परत मिळायचं तर काहीच नाही. देवेंद्र पुढे कितीतरी दिवस ते कार्ड दुकानात उंदराच्या पिंजऱ्याशेजारी टांगून ठेवत असे. म्हणे, दोघांचा धंदा एकच.

तर असा सगळा कारभार सरळ होता. बिघडला तो पॉइंटांमुळे.

पैसे परत मिळाले की माणूस खर्चून मोकळा होतो. पॉइंट साठतात. आणि साठणाऱ्या गोष्टीवर दुकानदाराचा जीव जडतो. जयदीपने शोधून काढलं होतं की पॉइंटांवर कुकर घेतला तर त्यांची किंमत निम्मी होते, विमानाचं तिकीट काढलं तर पुरेपूर मिळते. म्हणून त्याने बायकोला, रजनीला, शब्द दिला. तिची थोरली बहीण विद्या बंगळुरूला मुलाकडे असते. रजनीच्या कमरेला रेल्वेचा इतका लांबचा प्रवास सोसत नाही. "ग्वाल्हेरहून विमानाने पाठवतो तुला. जाणं-येणं दोन्ही पॉइंटांवर. खिशातला एक रुपया जाणार नाही."

रजनी त्या दिवशी खूश होती. मला नीट पुसून तिनेच पाकिटात ठेवलं.

मग सुरू झालं थांबणं. पॉइंट भरत आले की बँक हिशेब बदलायची. काल पुरले असते तेवढे आज कमी पडायचे. जयदीप चिडायचा आणि नव्याने जमवायला लागायचा. रजनी म्हणाली, "अहो, जाण्याचं पॉइंटांवर काढा, येण्याचे पैसे मी देते." घरी केलेलं मेतकूट आणि भाजणी ती रेल्वे कॉलनीतल्या मराठी घरांना विकते, तिचे स्वतःचे पैसे असतात. पण जयदीपला ते पटेना. अर्धं फुकट म्हणजे त्याला हरल्यासारखं वाटायचं. "थोडं थांब. होतातच आहेत."

एका संध्याकाळी विद्याचा फोन आला. फोनचा आवाज मोठा होता, मी टेबलावरच पडलो होतो.

"रजू, माझ्या डोळ्यांत मधोमध धूर बसलाय गं. कडेकडेचं दिसतं, समोरचं माणूस जातं. डॉक्टर म्हणतो वाढत जाणार. दिसतंय तोवर ये."

"येते ताई. अगदी लवकर."

फोन ठेवून रजनीने जयदीपकडे पाहिलं. "ऐकलंत ना?"

"ऐकलं. थोडेच राहिलेत. गणपतीचा खर्च माझ्या कार्डावर करतो, की झाले पुरे."

तो लबाडीने बोलत नव्हता, हे मी सांगतो. मराठी मंडळाचा खजिनदार तोच. मंडप, मूर्ती, प्रसादाचा किराणा, सगळं त्याने माझ्यावर घेतलं, मंडळाने त्याला चेक दिला, त्याने बिल भरलं. कुणाचं काही गेलं नाही. पॉइंट मात्र भरले.

विसर्जनानंतर मंडळाची बैठक असते आणि तिच्यात लिलाव. उरलेले नारळ, तेलाचे रिकामे डबे, साखरेचं पोतं, मंडपाची दोरी, जे जे गणपतीच्या पैशातून आलं आणि उरलं, त्यावर बोली लागते आणि रक्कम पुढच्या वर्षाला जाते. बोली पुकारायचा जयदीप, आणि नियमही त्यानेच घातलेला: देवाच्या खर्चातलं काही कुणी घरी न्यायचं नाही, न्यायचं तर बोलीवर. कडक इतका, की एका वर्षी अध्यक्ष वामनकाकांनी दोन पत्रावळी घरी नेल्या, तर त्यांनाही त्याने पैसे भरायला लावले होते.

त्या दिवशी डब्यांची बोली संपली आणि ईशानी उभी राहिली. वामनकाकांची नात. मराठी समजतं, बोलताना हिंदीकडे घसरते.

"जयदीपकाका, एक पूछू? आपने सब कार्ड से किया ना. तो जो पॉइंट मिले, ते कोणाचे?"

जयदीपच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. दुकानाचा माणूस, खरेदीवर मिळालेली सूट खरेदी करणाऱ्याची, एवढंच त्याला ठाऊक.

वामनकाका दाढी खाजवत म्हणाले, "पत्रावळीचे पैसे मी दिले होते हो, खजिनदार."

सगळे हसले. जयदीप हसला नाही. "बरोबर आहे," तो म्हणाला. "लिलावात घालतो. पण ते माझ्या नावाचे आहेत, दुसऱ्याच्या नावावर जात नाहीत. घरचं माणूसच वापरू शकतं."

"मग तूच घे बोलीवर."

"पुकारणाऱ्याने बोली लावायची नाही. नियम आहे."

"तुझाच," वामनकाका म्हणाले.

बायकांच्या बाजूने रजनीने हात वर केला. घरचं माणूस ती होतीच. तिने रक्कम सांगितली. जयदीप तिच्याकडे बघतच राहिला. अगदी हळू म्हणाला, "रजनी, एवढ्याचे नाहीत ते."

शेजारी म्हणून आलेल्या देवेंद्रला मजा वाटली. "सौ मेरी तरफ से ऊपर."

"देवेंद्र भैया, माझ्या नवऱ्याच्या पॉइंटांवर तुम्ही कुठे जाणार?" रजनी म्हणाली, आणि तिने एकदम पाचशेने वाढवलं. देवेंद्रने कान पकडले.

आता ती रक्कम बंगळुरूच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाच्याही वर गेली होती. दुकानात बसलेल्या माणसाला हे कळायला क्षण लागत नाही. जयदीप पुकारायचं सोडून म्हणाला, "अगं, एवढ्यात रोखीने तिकीट येतं."

"येतं हो. तुम्ही काढत नव्हतात."

कुणी हसलं नाही. बोलीवर असलेल्या माणसाला अडवायचं नाही, हाही नियम त्याचाच. जयदीपने एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं, तिसऱ्याला थोडा थांबला आणि मग म्हटलं. मेतकुटाचे पैसे देवाकडे गेले. घरी गेल्यावर त्याने सगळ्या पॉइंटांवर तिकीट काढलं, मिळालं त्या पहिल्या दिवसाचं.

मी रजनीच्या पर्समधून गेलो, अडीअडचणीला म्हणून. विमानात वर गेल्यावर तिने डोळे मिटून घेतले आणि उतरेपर्यंत उघडले नाहीत. बंगळुरूला विद्या दारातच उभी होती. ती समोर बघत नव्हती. मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बहिणीला शोधत होती. सरळ पाहिलं की रजनी तिच्यासाठी नाहीशी व्हायची.

"बारीक झालीस का गं?" तिने विचारलं.

"जाड झालेय ताई."

"मग नाहीच दिसत मला नीट." आणि ती हसली. रजनीने पर्स खाली टाकली, त्यामुळे पुढचं मला दिसलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी जयदीपचा फोन आला. विद्या म्हणाली, "जयदीपराव, तुम्ही नाही आलात? तुम्हालाही कडेकडेने बघून ठेवलं असतं."

मग तो रजनीला म्हणाला, "कार्डाचा नंबर वाच. मोबाइलवर तिकीट काढतो माझं."

"ऑफर बघितलीत?"

"नाही."

"पॉइंट?"

"उरलेत कुठे. तू नंबर वाच."

तिने वाचला. पूर्ण भाड्याचं तिकीट होतं, उद्याचं, म्हणून महाग. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालकाने भाव न विचारता मला वापरलं.

आता माझी मुदत संपलीय. नवीन कार्ड आलंय, त्याचे आकडे ठळक आहेत, आणि जयदीप त्याच्या अटी चष्मा लावून वाचतोय. वाचू दे. तुम्हीही वाचा, बिल वेळेवर भरा, एटीएमकडे फिरकू नका. पैसे परत मिळतील ते मजेत घ्या, ते तुमचे आहेत. एवढंच सांगतो, कुणी तुमची वाट बघत असेल तर तिकडचं तिकीट आधी काढा. पॉइंटांची कसर पुढे कुठल्यातरी किराण्यात भरून निघते.

रजनीने कात्री आणायला सांगितलंय. मला चिपवरून आडवं कापतील. बरं वाटेल. फार हातांत फिरलो.